आधी विश्वास, मग निष्ठा



खरिपाची कामे आटोपली की हरसूल परिसरातल्या पाड्यांवरची माणसे गाठोडी बांधतात. कोणी गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात उभे राहतात, कोणी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मुक्कामाला जातात, तर शिकलेली मुले सातपूर-अंबडच्या कारखान्यांची वाट धरतात. या सर्व ठिकाणी दोन तक्रारी हमखास कानी येतात. मालक म्हणतो, "माणसे टिकत नाहीत, उचल घेतात आणि अर्ध्या हंगामात निघून जातात." मजूर म्हणतो, "आम्हांला कोणी माणसासारखे वागवत नाही." वास्तविक हे एकच दुखणे आहे, ते दोन तोंडांनी बोलते इतकेच.

द्राक्षबागेचेच काम पाहा. छाटणीनंतर घड निघतात, पुढे विरळणी येते. घडातले कोणते मणी काढायचे आणि कोणते राखायचे, हे कात्री धरणारा हातच ठरवतो. एकरभर बागेत हजारो घड असतात. प्रत्येकापाशी मालक उभा राहू शकत नाही. म्हणजेच मालाची प्रत अखेर मजुराच्या सचोटीवर अवलंबून असते. मजुरी देऊन दिवसाचे आठ तास मिळतात. सचोटी त्या भावात मिळत नाही.

मग ती मिळते कशी? याचे उत्तर महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच दिलेले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. कामाच्या ठिकाणचा अवमान काय असतो, हे त्यांनी स्वतः भोगले होते. पुढे १९१० साली औंध संस्थानात, कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर त्यांनी लोखंडी नांगराचा कारखाना उभारला. तीच किर्लोस्करवाडी. तेथे त्यांनी प्रमाणपत्रे पाहून माणसे निवडली नाहीत. शिक्षण अर्धवट राहिलेले अनंतराव फळणीकर तेथे अभियंता झाले. तुरुंगवास भोगून आलेल्या दोघांवर लक्ष्मणरावांनी वसाहतीच्या राखणीची जबाबदारी सोपवली आणि त्या दोघांनी ती चोख पार पाडली. अस्पृश्यतेला त्या वसाहतीत थारा नव्हता. विश्वास आधी दिला गेला; निष्ठा त्यामागून आली. हा क्रम उलटा करता येत नाही.

विश्वास ही केवळ भावना नव्हे, तो व्यवहारात दिसला पाहिजे. मजुराला त्याच्या नावाने हाक मारावी. दर आधी सांगावा, हिशेब लेखी असावा. प्यायला स्वच्छ पाणी आणि स्त्रियांसाठी आडोशाची सोय असावी. समान कामाला समान वेतन हे तत्त्व १९७६ सालीच कायद्यात आले. तरीही स्त्रीच्या हाती कमी मजुरी ठेवली जात असेल, तर तेथे आदराच्या गोष्टी बोलण्यात अर्थ नाही.

स्त्रीची सुरक्षितता हा तर या नात्याचा पायाच. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा खटल्यात कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले आणि २०१३ साली त्यांचा कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे काम करतात, तेथे अंतर्गत तक्रार समिती बंधनकारक आहे. जेथे ती नाही, तेथील स्त्री जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागू शकते. शेतमजूर स्त्रीलाही हा अधिकार आहे. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत करावी लागते. ही माहिती प्रत्येक पाड्यावर पोहोचली पाहिजे.

मात्र सगळा भार मालकावर टाकून चालणार नाही. घेतलेली उचल हा दिलेला शब्द असतो. मालक नीट वागत असताना हंगाम मध्येच सोडणारा माणूस, आपल्यामागून त्या बागेत येणाऱ्या दहा जणांची पत घालवतो. अडचण आली तर ती आधी सांगावी. न सांगता निघून जाऊ नये.

हे संस्कार कोठून आणायचे? ते येथेच आहेत. आवणीच्या दिवसांत माणसे एकमेकांच्या शेतावर राबायला जातात. मराठीत त्याला इर्जिक म्हणतात. तेथे मुकादम नसतो, तरी कोणी अंगचोरी करीत नाही. कारण आज ज्याच्या चिखलात उभे राहायचे, तोच उद्या आपल्या शेतावर येणार असतो. बागेच्या आणि कारखान्याच्या मालकाने हे नाते समजून घेतले, तर माणसे का टिकत नाहीत, असे विचारण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही.