भूकंपाची वर्दी



आज आम्ही भूकंपाविषयी चार शब्द सांगणार आहोत.

कोयनेला मोठा भूकंप झाला तो ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे. किल्लारीला झाला तो ३० सप्टेंबर १९९३ रोजी, तोही पहाटेच. गणपती बोळवून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचे जड माळवद. ती घरे झोपलेल्यांच्या अंगावर कोसळली. हजारो माणसे गेली.

भूकंप कधी होणार, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. पंचांगालाही नाही, शास्त्रज्ञालाही नाही. "उद्या रात्री भूकंप होणार" असा निरोप मोबाईलवर आला, तर तो खोटा समजावा.

मग वर्दी कसली मिळते? ती भूकंप सुरू झाल्यावर मिळते. जमिनीतून दोन लाटा निघतात. पहिली जलद, पण सौम्य. दुसरी मागून येते. तीच घरे पाडते. पहिली लाट आली की तिथले यंत्र ती ओळखते आणि बिनतारी निरोप धाडते. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो ना? तसाच हा निरोप मोठ्या धक्क्याच्या पुढे धावतो.

पनवेलपासून कोयनानगर सरळ रेषेत सुमारे १९० किलोमीटर. मोठी लाट सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास चालते. म्हणजे तिला इथे यायला पाऊण मिनिटाहून जास्त वेळ लागेल. निरोपाला काही सेकंद पुरतात. पण कोयनेतच जो आहे, त्याला वर्दीआधी धक्का बसेल. म्हणून घर पक्के हवे, ही पहिली गोष्ट.

असली यंत्रे आता स्वस्त झाली आहेत. मोबाईल आडवा धरला की चित्र आडवे होते. ते ज्या बारीक तुकड्यामुळे होते, तोच तुकडा जमिनीचा हादराही जाणतो. उत्तराखंडात डोंगरांत यंत्रे बसवून २०२१ साली मोबाईलवर वर्दी देण्याची सोय झाली. ती रुडकीच्या आयआयटीने केली. २०२३ साली गूगल कंपनीने अँड्रॉइड मोबाईलवर ही सोय भारतभर आणली. मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'भूकंपाची सूचना' चालू आहे का, ते पाहून घ्यावे. इंटरनेट आणि ठिकाण दाखवण्याची सोयही चालू लागते.

पण तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. काय करायचे ते आजच घरात ठरवा. मजबूत टेबलाखाली बसावे, डोके झाकावे. कपाट आणि काचेपासून दूर राहावे. लिफ्टने उतरू नये. बाहेर असाल तर भिंती आणि विजेचे खांब सोडून मोकळ्यावर थांबावे. हादरा थांबल्यावर गॅस बंद करावा.

तुम्ही आता वाचायला शिकलात. वर्दी आली तर ती मोठ्याने वाचा. म्हाताऱ्या आईला आणि शेजाऱ्याला ती ऐकू गेली पाहिजे.