व्यसनमुक्ती आणि नोकरी
(वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. औषधोपचारांविषयी बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा. परंतु बिल चुकते झाल्यावर रुग्णापुढे काय वाढून ठेवलेले असते, ते आमच्या खिडकीतून दिसते. दारू सोडविण्यासाठी दाखल झालेल्या माणसाच्या हातांचा कंप काही दिवसांत थांबतो, अन्न गोड लागू लागते. मग त्याची पत्नी हळूच विचारते, "साहेब, कंपनीच्या दाखल्यावर आजाराचे नाव लिहावेच लागेल का?"

ही भीती निराधार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याच धुलाई विभागातील एक कर्मचारी पिऊन कामावर येत असे. तीन मेमो दिले, चौथ्या वेळी कामावरून कमी केले. कागदोपत्री आमचे काहीच चुकले नव्हते. पाच महिन्यांनी तो काविळीने आमच्याच वॉर्डात दाखल झाला. तेव्हा फाइल पुन्हा चाळली. एकाही मेमोत 'उपचार घ्या' हे दोन शब्द नव्हते.

वास्तविक आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ सालीच, मद्याच्या समस्येकडे इतर आजारांप्रमाणेच पाहावे, असे मालकवर्गास सुचविले आहे. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही मद्याच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे. आम्ही मात्र हजेरीपटापलीकडे पाहिले नाही.

उपचारांनंतर त्यास पुन्हा रुजू करून घेतले; दयेने नव्हे, लेखी अटींवर. पिऊन आल्यास त्या दिवशी काम नाही. तपासणीच्या दिवशी भरपगारी अर्धी रजा. सहा महिने रात्रपाळी व ओव्हरटाइम नाही. डॉक्टरांच्या लेखी परवानगीवाचून वाफेच्या यंत्राला हात लावायचा नाही. पगार, त्याच्याच संमतीने, पतिपत्नीच्या संयुक्त खात्यात. वेळ मात्र त्याने स्वतः मागून घेतली: दुपारी बारा ते रात्री आठ. "सहा ते आठ ही वेळ जड जाते, तेवढी कामात जाऊ द्या," असे त्याचे म्हणणे. आम्हाला हे सुचले नसते.

गणेश विसर्जनानंतर तो तीन दिवस आला नाही. पुन्हा मेमोचा मसुदा टंकलिखित झाला होता, हे कबूल करतो. परंतु मुकादम आधीच त्याच्या घरी जाऊन त्याला समुपदेशकांकडे घेऊन आले होते. आज वॉर्डांतील चादरींची मोजदाद त्याच्याकडे आहे.

नुसत्या कामाने दारू सुटत नाही. औषध, समुपदेशन आणि घरच्यांची साथ लागतेच. शिवाय अनेक वर्षे रोज पिणाऱ्यास 'उद्यापासून बंद' असा हुकूम कोणी देऊ नये. एकाएकी थांबल्याने फिट येऊ शकते, प्रसंगी जीवही जातो. अशास आधी डॉक्टरांकडे पाठवावे.

आपल्यापैकी अनेकांचे कारखाने, दुकाने, गोदामे आहेत. यंदा देणगीच्या पावतीबरोबर आम्ही आणखी एक मागणी करीत आहोत: उपचार पूर्ण केलेल्या एका माणसासाठी एक जागा. वरील अटींचा नमुना समाजसेवा विभागात ठेवला आहे; चहापानानंतर तो अवश्य घेऊन जावा.