वाट आत येणारी, बाहेर न जाणारी

श्रोतेहो, स्वतःची गाडी असली की वाटेल तिथे थांबता येतं. मला वेगापेक्षा हे सुख मोठं वाटतं. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार जवळ आलं. जालन्याकडून येत असाल, तर आधी सिंदखेडराजाला, जिजाऊंच्या जन्मगावी थांबा. लोणार गावातलं दैत्यसूदन मंदिरही निवांत पाहा.

मग सरोवर. अशनीच्या आघातानं काळ्या पाषाणात पडलेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. आत झरे येतात, पावसाळी ओहोळ येतात. बाहेर जायला मात्र वाट नाही. पाण्याची वाफ होते, बाकी सारं तिथंच राहतं. म्हणून तर पाणी इतकं खारं! जून २०२० मध्ये क्षार वाढले, त्यात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले आणि पाणी गुलाबी झालं. त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जा मिळाला.

मी एवढंच म्हणेन, नदीत टाकलेलं निदान वाहून तरी जातं. इथे टाकलेलं वेफर्सचं पाकीट कुठेही जाणार नाही. काठावरून फोटो काढून पळू नका, वाटाड्या घेऊन खाली उतरा. मात्र बरोबर नेलेलं सगळं बरोबरच परत आणा.