गाण्याखालचं गाणं ऐका
(युवक शिबिरातील भाषण)



वस्त्यांवर बुलडोझर फिरतायत, पोरांवर केसेस आहेत, आणि हा बाबा नीना सिमोनच्या रेकॉर्डी घेऊन आलाय. तुमच्या तोंडावर हे दिसतंय मला. थांबा. दहा मिनिटं कान द्या. मग खुशाल शिव्या घाला.

नीना आपल्याला ठाऊक आहे ती 'मिसिसिपी गॉडॅम'मुळं. जून १९६३. मेडगर एव्हर्सला त्याच्या घरासमोर गोळी घातली. सप्टेंबरात बर्मिंगहॅमला काळ्यांच्या चर्चमध्ये बॉम्ब फोडला, चार पोरी मेल्या. त्या संतापातून हे गाणं आलं. मीही वर्षानुवर्षं तेवढंच लावायचो. तिची प्रेमाची गाणी म्हणजे बारमधल्या गिऱ्हाइकांची करमणूक, असं समजायचो. साफ चुकत होतो.

आता हे ऐका. 'लव्ह मी ऑर लीव्ह मी'. तिच्या पहिल्या एलपीवरचं. गाणं थांबतं, पियानो एकटा उरतो. इथं शब्द सोडा, बोटं ऐका. एक ओळ निघते. तिच्यामागं दुसरी धावते. दोघी आपापल्या वाटेनं जातात, तरी एकमेकींना सोडत नाहीत. ही जाझची नेहमीची चाल नव्हे, ही बाखची वीण आहे. दोनअडीचशे वर्षांपूर्वीचा जर्मन बाख बारमधल्या गाण्यात घुसलाय!

तो कुठून आला? युनिस वेमन हे तिचं खरं नाव. जन्म १९३३, नॉर्थ कॅरोलिनातलं ट्रायॉन गाव. पोर असताना तिच्या कार्यक्रमात पुढं बसलेल्या आईबापाला गोऱ्यांसाठी उठवलं. ते परत पुढं येईपर्यंत पोरीनं वाजवायला नकार दिला. नकार! हा शब्द आपल्याला कुणी शिकवायला नको. तिला शास्त्रीय पियानोवादक व्हायचं होतं. १९५१ मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेनं तिला प्रवेश नाकारला. कारण माझा रंग, असं ती मरेपर्यंत सांगत राहिली. तिथल्या एका शिक्षकानं ते नाकारलं. आपल्याकडंही गुणवत्तेची भाषा अशीच असते. १९५४ साली ती अटलांटिक सिटीच्या बारमध्ये वाजवू लागली. आई चर्चमध्ये उपदेश करणारी, तिला कळू नये म्हणून नाव बदललं. म्हणजे दार बंद केलं त्यांनी, आणि ही बाई बाखला बारमध्ये घेऊन आली.

त्याच एलपीवर 'लिटल गर्ल ब्लू' आहे. एकाकी पोरीचं उदास गाणं. पण पियानोवर वाजतंय नाताळचं जुनं गाणं, 'गुड किंग वेन्सेस्लस'. वर एकटेपण, खाली सणासुदीची गर्दी. सण दुसऱ्यांच्या घरात चाललाय आणि आपण बाहेर, हे आपल्यापैकी कुणी भोगलं नाही?

आता पुन्हा 'मिसिसिपी'कडं या. १९६४, न्यू यॉर्कचा कार्नेगी हॉल. यावेळी नीनाला नको, समोरच्या लोकांना ऐका. ती गाण्याचं नाव सांगते, लोक हसतात. पियानो टुमटुम उड्या मारतोय, नाटकातल्या गमतीच्या गाण्यासारखा. मध्येच ती म्हणते की हे नाटकातलं गाणं आहे, फक्त नाटक अजून लिहायचं राहिलंय. पुन्हा हसू. त्यानंतर ऐकत जा. चाल तीच, पण हसू विरत जातं. त्या हॉलमध्ये बसलेल्यांचा घसा कोरडा पडल्याचं रेकॉर्डवर उतरलंय. मी हे गाणं शेकडो वेळा ऐकलं, ते हसू कधी थांबतं हे मात्र फार उशिरा ऐकू आलं.

प्रस्थापित आपल्याला काय म्हणतात? तुमच्यात राग आहे, कला नाही. आपली भीमगीतं सिनेमाच्या चालीवर म्हटली की हे नाक मुरडतात. आणि आपलेच काही कडवे म्हणतात, त्यांचं काही शिकूच नका. दोघांनाही नीनाचं उत्तर आहे. तिनं बाख वाजवला तो सर्टिफिकेट मागायला नव्हे. घोटला, पचवला, आपल्या कामाला जुंपला. एप्रिल २००३ मध्ये कर्टिसनं तिला मानद पदवी दिली. दोन दिवसांनी ती मेली. त्या कागदासाठी ती थांबली असती, तर यातली एकही रेकॉर्ड आपल्या हातात नसती.

१९७२ साली मुंबईच्या पोरांनी अमेरिकेतल्या काळ्यांकडून पँथर हे नाव घेतलं. नाव घेतलं तसा कानही घ्या. घरी जाऊन आपल्या शाहिरांच्या जुन्या कॅसेटी काढा. घोषणा कळली म्हणून बंद करू नका. ढोलकी कुठं थबकते, कोरसमधली बाई कुठं आवाज चढवते, समोरची माणसं कुठं गप्प होतात, ते ऐका, लिहून ठेवा. या कॅसेटी बुरशीनं मरतायत. त्या आपण ऐकल्या नाहीत तर त्यांच्यात काय होतं हे उद्या दुसरेच सांगतील. आणि ते काय सांगतील ते आपल्याला ठाऊक आहे.

जयभीम!