कोरोनाची मदत आणि उताऱ्यावरचे नाव

(बेळगाव येथील मासिक सभेत केलेले भाषण)



२०२० च्या टाळेबंदीत सरकारने शेतकऱ्याला काय दिले, हा विषय शिळा झाला असे काहींना वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. त्या वेळी ज्या कारणाने पैसे अडले, ते कारण आजही आपल्या घराघरांत तसेच पडून आहे.

२६ मार्च २०२० रोजी केंद्राने पॅकेज जाहीर केले. त्यात किसान सन्मानचे दोन हजार एप्रिलच्या सुरुवातीलाच देऊ, असे होते. पण वर्षाचे सहा हजार २०१९ पासून ठरलेलेच होते. म्हणजे मिळाला तो आपलाच हप्ता, फक्त लवकर. जादा मदत आली ती राज्याची. ६ मे २०२० रोजी येडियुरप्पा सरकारने १६१० कोटी जाहीर केले. त्यात फुलशेतीला हेक्टरी २५ हजार होते, तेही एका हेक्टरपर्यंतच. पुढे भाजीपाला व फळांना हेक्टरी १५ हजार आणि मका उत्पादकाला पाच हजार आले. आपली भाजी गोव्याला जाते. टाळेबंदीच्या पहिल्या दिवसांत गाड्या थांबल्या आणि कोबी रानातच राहिला. हेक्टरी १५ हजार म्हणजे एकरी सुमारे सहा हजार. त्यात बी-खताचे तरी भागले का, हे शेतकऱ्यालाच विचारा.

तरीही पैसे आले, हे खरे. प्रश्न आहे तो कोणाच्या खात्यावर आले, हा.

मदत उताऱ्यावरच्या नावाने आली. आपल्या जुन्या घरांत उताऱ्यावर अजून आजोबा आहेत, नाहीतर थोरले काका. वाटण्या झाल्या त्या तोंडी. किसान सन्मानसाठी १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन कोणाच्या नावे होती ते पाहिले गेले. त्यानंतर चालते ती वारसा नोंद, आणि तीच आपण वर्षानुवर्षे पुढे ढकलतो. वाट्याने किंवा खंडाने कसणाऱ्याला तर या योजनेत जागाच नाही. काही घरांत शहरातल्या भावाच्या खात्यावर हप्ता आला आणि राबणारा भाऊ कोरडा राहिला. शहरातल्याने तो पुढे पोचवला का, ते ज्याचे त्याने पाहावे.

दुसरी अडचण नावाच्या स्पेलिंगची. आम्ही बँकेत काउंटरवर बसणारे लोक ही रोज पाहतो. आधारवर कल्लाप्पा, पासबुकात कलाप्पा आणि उताऱ्यावर कन्नडमध्ये तिसरेच काही. उतारा कन्नडमध्ये, त्यामुळे घरच्या म्हाताऱ्यांना चूक दिसतही नाही. घटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत तक्रार अर्ज देता येतो. मराठीत अर्ज द्या, पोच घ्या. भाषेचा हक्क मोर्चात मागतो तसा तलाठ्याच्या टेबलावरही मागायला हवा. पण उतारा वाचण्यापुरते कन्नड शिकण्यात कमीपणा नाही, हेही आम्ही स्पष्टच सांगतो. काहींना ते रुचणार नाही.

२०२२ पासून ई-केवायसी आणि आधार जोडणीशिवाय हप्ता अडू लागला. राज्याचे वर्षाचे चार हजार २०२३ मध्ये बंद झाले. तेव्हा जे उरले आहे ते तरी कागदावाचून जाऊ नये.

वारसा नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, वंशावळ आणि चालू उतारा घेऊन या. अर्ज आम्ही भरून देऊ. कन्नड नीट वाचणारे दोन-तीन तरुण या कामाला हवे आहेत, त्यांनी आजच चिटणीसांकडे नावे द्यावीत.