एक संस्कार, अनेक रूढी



१९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी झाली, तेव्हांपासून रत्नागिरीहून गोवा, मंगळूर, केरळ ही वाट सोपी झाली आहे. आम्ही त्या वाटेनें लग्नांस जातों आणि एकच विवाहसंस्कार किती वेषांनीं नटतो तें पाहतों. इकडे वसईच्या जुन्या रिवाजांत नवरीचें लुगडें तांबडें. गोव्यांत पोर्तुगीज अमलांत पांढरा झगा आला. तरी लग्नापूर्वीं वधूवरांस नारळाचा रस चोळावयाचा, तो चोळतातच. मंगळुरासही हा 'रोस' आहे. शिवाय तेथें नवरीस तांबडा 'सादो' नेसवितात. केरळांतील सुरियानी ख्रिस्ती मंत्रकोडी नांवाच्या लग्नवस्त्राचे धागे काढून त्यांत क्रुसाचें चिमुकलें मिन्नु ओंवतात, आणि वर तें वधूच्या गळ्यांत बांधतो. तें पाहून आम्हांस आपलें मंगळसूत्रच आठवलें!

परंतु आपल्या कांहीं तरुणांस वाटतें कीं, पांढरा झगा तेवढा कॅथॉलिक. हळद व काळे मणी ही परक्यांची उसनवारी. हें आम्हांस मान्य नाहीं. झगा तरी कोठें यरुशलेमेहून आला? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं, त्या त्या देशांतील स्तुत्य लग्नरूढी राखाव्या, अशी स्पष्ट इच्छा प्रकट केली आहे. तेव्हां ज्यांच्या घरीं यंदा लग्न आहे, त्यांनीं झग्याचें कापड घेण्यापूर्वीं आजीची पेटी एकदां उघडून पाहावी.