मोटार-अपघातातील जखमीचा दावा



ज्या गावावरून नागपूर-जबलपूर हमरस्ता जातो, ज्या रस्त्याने कोळसा आणि वाळू वाहणाऱ्या अवजड गाड्या रात्रंदिवस धावत असतात, आणि ज्या गावातील माणसाला नोकरीसाठी, दवाखान्यासाठी किंवा कोर्टकचेरीसाठी कामठी-नागपूरला जावयाचे झाल्यास नदीचा पूल ओलांडल्यावाचून गत्यंतर नसते, त्या कन्हानमध्ये मोटार-अपघात या विषयाला प्रस्तावनेची आवश्यकता नाही. जून २०२४ मध्ये याच पुलावर खाजगी बस व ऑटोरिक्षा यांची टक्कर होऊन कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटच्या केंद्रातील दोन जवान मृत्युमुखी पडले व त्यांचे सोबती जखमी झाले, ही गोष्ट आपणांपैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. परंतु आज मला मृतांविषयी बोलावयाचे नाही. मृताच्या घरी चार माणसे जमतात, त्याच्या वारसांना कोणीतरी वकिलाकडे घेऊन जातो. मात्र जो वाचला, ज्याचा पाय सळई घालून सांधला गेला, जो कित्येक महिने खाटेवर पडून राहिला आणि पुढे लंगडत का होईना पण उठून उभा राहिला, त्याला ‘जीव वाचला हेच पुष्कळ’ असे सांगून समाज आपल्या कामाला लागतो, आणि तोही ते खरे मानून आपला हक्क गमावून बसतो. त्या माणसाची बाजू मांडण्यासाठीच मी हा विषय निवडला आहे.

हा हक्क सहजासहजी मिळालेला नाही. १८५५ चा प्राणांतिक अपघातांचा कायदा मृताच्या कुटुंबीयांपुरताच होता. जखमीला दिवाणी न्यायालयात रीतसर दावा लावून, मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात स्टँप भरून, वर्षानुवर्षे तारखा मोजाव्या लागत, आणि ज्याचे हातपाय मोडले त्याच्यापाशी स्टँपापुरते पैसे कोठून असणार, हा प्रश्न कोणी विचारीत नसे. १९५६ साली, म्हणजे नागपूर जुन्या मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आले त्याच वर्षी, संसदेने १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून अशा दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद केली. तरीही १९७९ साली हरियाणा सरकार एका विधवेकडून व तिच्या मुलीकडून कोर्ट-फी वसूल व्हावी म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. ज्या बसखाली घरातील कर्ता पुरुष सापडला ती बस त्याच सरकारची होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरकारची ती मागणी फेटाळली. पुढे १९८२ मध्ये, चूक कोणाची हे सिद्ध न करताही काही किमान रक्कम मिळावी हे तत्त्व कायद्यात आले, आणि आज ज्यावर सारा व्यवहार चालतो तो १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अंमलात आला.

आजच्या कायद्याने जखमीपुढे दोन वाटा ठेवल्या आहेत. कलम १६४ प्रमाणे, वाहनचालकाचा निष्काळजीपणा सिद्ध न करताही गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. कलम १६६ प्रमाणे निष्काळजीपणा शाबीत करून झालेल्या संपूर्ण नुकसानीची भरपाई मागता येते. पहिली वाट जवळची आहे आणि संकटात सापडलेल्या कुटुंबाला तिचा मोह पडणे स्वाभाविक आहे. परंतु विमा कंपनीने देऊ केलेली ती रक्कम विहित पद्धतीने एकदा स्वीकारली, की न्यायाधिकरणापुढील अर्ज संपुष्टात येतो. ज्याची जखम महिन्या-दोन महिन्यांत भरून येणारी आहे त्याने ती जरूर घ्यावी. ज्याच्या उपजीविकेवरच घाला पडला आहे त्याने मात्र सही करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

असा विचार करावयाचा तर देहाचे मोल कायदा कसे ठरवतो हे कळले पाहिजे, आणि याच मुद्द्यावर मला आपला अधिक वेळ घ्यावयाचा आहे. शासकीय रुग्णालयातून मिळणाऱ्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर एक टक्केवारी लिहिलेली असते, आणि त्या आकड्यावरच भरपाई अवलंबून आहे असा समज सार्वत्रिक आहे. तो समज चुकीचा आहे. ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ या २०१० च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले, की शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या शक्तीची हानी या दोन भिन्न गोष्टी होत. ज्याचा डावा हात तुटला तो जर सुतार किंवा वाहनचालक असेल तर त्याची कमाई जवळजवळ संपूर्ण बुडते. तोच हात सरकारी कचेरीतील कारकुनाचा तुटला तर त्याची नोकरी कदाचित टिकून राहते. जखम एकच, हानी मात्र निरनिराळी. म्हणून न्यायाधिकरणाने अर्जदार कोणते काम करीत होता, आता त्यातले कोणते करू शकतो, आणि दुसरे एखादे काम करून तो पोट भरू शकेल काय, याची चौकशी केली पाहिजे.

याचा अर्थ कन्हानच्या संदर्भात काय होतो ते पाहा. समजा, कोळशाच्या डंपरवरील बत्तीस वर्षांचा चालक महिन्याला १५ हजार रुपये मिळवतो. अपघातात त्याचा उजवा पाय निकामी होतो आणि प्रमाणपत्रावर ४५ टक्के अपंगत्व लिहिले जाते. त्याची वार्षिक कमाई १ लाख ८० हजार. भावी वाढीपोटी तीत ४० टक्के मिळवले म्हणजे २ लाख ५२ हजार. आणि ‘सरला वर्मा’ या २००९ च्या निवाड्यातील कोष्टकाप्रमाणे ३१ ते ३५ या वयासाठी गुणक १६, म्हणजे एकूण ४० लाख ३२ हजार. केवळ प्रमाणपत्रातील टक्के धरले तर त्याच्या पदरी १८ लाख १४ हजार ४०० रुपये पडतील. परंतु हा मनुष्य पुन्हा डंपर चालवू शकणार नाही आणि त्याला दुसरा व्यवसाय येत नाही, हे साक्षीपुराव्याने पटवून दिले तर तो जवळजवळ पूर्ण रकमेस पात्र ठरतो. याखेरीज औषधोपचार, शुश्रूषा, येण्याजाण्याचा व पौष्टिक आहाराचा खर्च, बुडालेला रोजगार, पुढे कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रिया, सोसलेल्या वेदना आणि जीवनातील गमावलेले सुख यांचा हिशेब वेगळा. मृताच्या दाव्यात त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी वजावट होते. जखमीच्या कमाईतून मात्र ती होत नाही, कारण तो जिवंत आहे आणि त्याला जेवावयाचे आहे.

यावर कोणी म्हणेल, की ठेकेदाराकडे रोजंदारीवर राबणाऱ्यापाशी पगाराचा कागद कोठून असणार? शंका रास्त आहे. परंतु न्यायालयांनी तिचेही निराकरण केले आहे. पाय गमावलेल्या एका तरुण भाजीविक्रेत्याच्या प्रकरणात, उत्पन्नाचा लेखी पुरावा नसतानाही सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्याची मासिक कमाई ६,५०० रुपये मानली आणि कमाईच्या शक्तीची हानी ८५ टक्के धरली. घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या श्रमालाही न्यायालये आता पैशांत मोल देतात. तरीही न्यायालयाच्या अनुमानावर विसंबण्यापेक्षा हजेरीपट, बँकेचे पासबुक, गाडीच्या फेऱ्यांच्या पावत्या, दुकानाची वही, यांपैकी जे हाती असेल ते जपून ठेवणे शहाणपणाचे. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष होणेही अगत्याचे आहे; नुसता कागद दाखल करून काम भागत नाही, हे त्याच २०१० च्या निवाड्यात बजावलेले आहे.

आता दावा कोठे अडखळतो ते थोडक्यात सांगतो. पहिला अडथळा अज्ञात वाहनाचा. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा पत्ता लागला नाही तर जखमीला महसूल अधिकाऱ्यांकडे अर्ज करून केवळ ५० हजार रुपये मिळू शकतात, आणि मृताच्या वारसांना २ लाख; म्हणून वाहनाचा क्रमांक टिपून ठेवणारा वाटसरू त्या कुटुंबावर फार मोठा उपकार करीत असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये याच हमरस्त्यावर देवलापारच्या बाजूस ट्रकच्या धडकेत पत्नी गतप्राण झाली आणि कोणी मदतीस थांबेना, म्हणून पतीने तिचा मृतदेह मोटारसायकलीला बांधून नेला. ते चित्र साऱ्या देशाने पाहिले. त्या ट्रकचा छडा पोलिसांनी पुढे चित्रणाच्या आधारे लावला, परंतु त्या वेळी न थांबलेल्यांच्या मनात जी पोलिसी ससेमिऱ्याची भीती असते तिला आता कायद्यात आधार उरलेला नाही: कलम १३४-अ प्रमाणे सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. मे २०२५ पासून तर अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची योजनाही अंमलात आली आहे.

दुसरा अडथळा विम्याचा. लग्नाच्या वऱ्हाडाला किंवा मजुरांना छोटा हत्ती, ट्रॅक्टरची ट्रॉली अशा वाहनांतून नेण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. परंतु मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशाची जोखीम विमा कंपनीवर येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निर्णय आहे, आणि मग ज्या वाहनमालकापाशी हप्ते फेडण्यापुरतेही पैसे नाहीत त्याच्याकडून हुकूमनाम्याची वसुली करीत बसण्याची पाळी जखमीवर येते. केवळ सक्तीपुरता विमा उतरवलेल्या खाजगी मोटारीतील प्रवाशाची आणि मोटारसायकलीवर मागे बसलेल्याची स्थितीही अशीच असते.

तिसरा अडथळा मुदतीचा. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल करण्याचे बंधन पुन्हा घातले गेले. जो माणूस सहा महिने अंथरुणालाच खिळलेला असतो त्याच्यावर असे बंधन घालणे मला अन्यायाचे वाटते, आणि त्याच्या वैधतेलाही सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे. परंतु त्या निर्णयाच्या आशेवर कोणीही स्वस्थ बसू नये. पोलिसांनी अठ्ठेचाळीस तासांत प्राथमिक व नव्वद दिवसांत सविस्तर अपघात-अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवावा असा नियम आहे, आणि तो अहवालच अर्ज म्हणून धरता येतो. म्हणून फिर्याद, पंचनामा आणि जबानी यांच्या नकला मागून घ्याव्यात. ‘पाय घसरून पडलो’ असे काहीतरी सांगून रुग्णालयातील नोंद बिघडवू नये. वाहनमालक गावातलाच आहे, ओळखीचा आहे, म्हणून दोन-पाच हजारांवर तडजोड करून फिर्यादच न देणारे लोक पुष्कळ आहेत. ही भिडस्ती मला समजते. परंतु तिची किंमत त्यांच्या बायकामुलांना भरावी लागते, आणि विमा असेल तर बहुधा त्या ओळखीच्या मालकाच्या खिशातून एक पैसाही जाणार नसतो.

शेवटी दलालांविषयी. रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात जखमीच्या नातेवाइकांना गाठून, मिळणाऱ्या रकमेत अमुक टक्के आमचे, असा करार कोऱ्या कागदावर सही घेऊन करणारे लोक नागपुरात आहेत. निकालावर अवलंबून मेहनताना ठरवण्यास वकिलालासुद्धा बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई केली आहे, मग दलालाचा अधिकार कोठून येतो? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार आणि अपंग यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि आपल्या गावातील जखमींपैकी बहुतेक जण या वर्गांपैकी एकात मोडतात. ज्यांच्या घरी किंवा शेजारी असा मनुष्य पडून आहे त्यांनी त्याचे कागद एका पिशवीत घालून नागपूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय गाठावे, आणि सहा महिने उलटण्यापूर्वी गाठावे, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.